तमाशापट नेमकं कशाला म्हणायचं? चित्रपटाचा प्रकार ठरवतं कोण?

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयात आम्ही दर महिन्याला एक जुना मराठी चित्रपट दाखवतो. यंदा 'तमाशापट' हा विषय धरून पाच-सहा चित्रपट सलग दाखवायचे ठरलं आणि यादी करायला बसलो, तिथेच गाडं अडलं. 'पिंजरा' घ्यायचा यावर सुरुवातीला सगळ्यांचं एकमत होतं. 'सोंगाड्या' म्हटल्यावर एक काका म्हणाले, तो दादा कोंडक्यांचा विनोदी चित्रपट, त्याला तमाशापटात कशाला ओढता? लगेच दुसऱ्या बाई म्हणाल्या, मग 'पिंजरा' तरी कुठे तमाशापट आहे? ती एका मास्तरांची शोकांतिका आहे. 'लोकशाहीर रामजोशी' तर सरळ चरित्रपट झाला. अशी एकेकावर फुली मारत गेलो तर यादीत काहीच उरेना.

मला स्वतःला ठामपणे वाटतं की तमाशापट हा आपला स्वतंत्र प्रकार आहे. अमेरिकेचा वेस्टर्न (काउबॉयचा चित्रपट) जितका त्यांचा, तितकाच हा आपला. वेस्टर्नवर कपाटं भरतील इतकं लिहिलं गेलंय आणि आपण मात्र तमाशापट म्हटलं की 'त्या जुन्या ढोलकीच्या सिनेमांची लाट' म्हणून पुढे जातो. याचं मला फार वाईट वाटतं.

जाणकारांनी सांगावं: प्रकार ठरवायची काही रीत आहे का? अभ्यास करणारे कसा करतात?

खटपट्या

लावणी आहे? ढोलकी आहे? पाटील मिशीला पीळ देतोय? झाला तमाशापट. पुढचा प्रश्न घ्या.

सुपारी_कातर

खटपट्या, या हिशेबाने सत्तरच्या दशकातला निम्मा ग्रामीण मराठी सिनेमा तमाशापट होईल. वाड्यावर एखादी तरी बैठकीची लावणी असायचीच. वितरकच मागायचे.

निळा_धूर

रानजाई, धागा आवडला. सवडीने लिहितो.

तुमच्या वाचनालयात जे झालं, त्याची चर्चा चित्रपट अभ्यासकांनी खूप केली आहे. अँड्र्यू ट्यूडर यांनी सत्तरच्या दशकात हा पेच नेमका मांडला. वेस्टर्न म्हणजे काय हे शोधायचं तर आधी वेस्टर्न चित्रपट गोळा करून बघायला हवेत. पण गोळा करायचे तर वेस्टर्न म्हणजे काय हे आधीच माहीत हवं! यातून त्यांनी काढलेली वाट साधी आहे. प्रकार म्हणजे लोक सामायिकपणे ज्याला तो प्रकार मानतात ते. म्हणजे सुरुवात व्याख्येपासून करायची नाही, लोकांच्या मानण्यापासून करायची.

दुसरं नाव रिक आल्टमन. १९८४ च्या एका लेखात त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एक, चित्रपटातला ऐवज: घोडे, पिस्तुलं, धुळीचं गाव, शेरीफ. दुसरी, त्या ऐवजाची मांडणी: कोण कोणासमोर उभं आहे, ताण कसला आहे, तो सुटतो कसा. खटपट्यांची ढोलकी आणि पाटील हा झाला ऐवज. तो लागतोच, पण तेवढ्यावर भागत नाही, हे सुपारी_कातर यांनी एका ओळीत दाखवलं.

आता मांडणी बघू. जिम किट्सेस यांनी १९६९ मध्ये वेस्टर्नची मांडणी एका विरोधात पकडली: एकीकडे रान, दुसरीकडे नागर जग. जॉन फोर्डचा १९३९ चा 'स्टेजकोच' घ्या. गावातल्या सभ्य बायकांची समिती डॅलस नावाच्या बाईला तिच्या धंद्यामुळे गावाबाहेर हाकलते. प्रवासात तिच्याइतकी माणुसकी कुणातच दिसत नाही, बँकवाला तर चोर निघतो. शेवटी ती आणि रिंगो सरहद्दीपलीकडे निघून जातात.

तमाशापटात रानाच्या जागी फड ठेवा. तंबू गावाच्या कडेला पडतो. गावात शाळा, देऊळ, चावडी. 'पिंजऱ्या'त मास्तर गावाचे, चंद्रकला फडाची. मास्तर तमाशा बंद पाडायला जातात आणि स्वतःच हद्द ओलांडतात. मग गावात मास्तरांचा पुतळा उभा राहतो, आणि खरा जिवंत माणूस फडात तुणतुणं धरून उभा! पुतळा गावाचा, माणूस फडाचा. शेवटी स्वतःच्याच खुनाबद्दल त्यांना फाशी होते. माझ्या दृष्टीने तमाशापटाची मांडणी इतकी टोकाला नेलेला दुसरा चित्रपट नाही. तुमच्या त्या बाई म्हणतात तशी ती शोकांतिका आहेच. पण ही शोकांतिका फडाशिवाय घडूच शकत नाही.

खटपट्या

मिशी तरी ठेवा हो यादीत.

माहीमची_खाडी

मला या वर्गवारीचं कौतुक नाही. चित्रपट दोनच प्रकारचे, चांगले आणि वाईट. अॅपवर हल्ली 'भावनिक', 'थरारक', 'हलकाफुलका' असे शिक्के मारून ठेवलेले असतात, त्याने बघण्यातली मजा गेली. 'संत तुकाराम' बघताना मी संतपट बघतोय असं कुणाच्या मनात येतं?

कराडचा_तंबूवाला

माहीमची_खाडी, शिक्का अॅपने आणला नाही राव. आमच्या आजोबांची टुरिंग टॉकीज होती, जत्रा-जत्रा फिरायची. चित्रपटाच्या रिळांची पेटी ठरवायला वितरकाच्या कचेरीत गेलं की कथा कुणी विचारत नव्हतं. आजोबांचे प्रश्न ठरलेले असायचे: तमाशाचा आहे का देवाचा? लावण्या किती? सवाल-जवाब आहे का? सवाल-जवाब म्हणजे पीट (पडद्यापुढची स्वस्त जागा) भरला, हे त्यांचं गणित. देवाचा पिक्चर श्रावणात आणि सप्ताहाला, तमाशाचा चैत्र-वैशाखातल्या यात्रांना. दोन्हींची पोस्टरं वेगळी, रिक्षावर भोंगा लावून ओरडायची भाषा वेगळी, आणि कनातीत बायकांची बाजू किती मोठी ठेवायची हेसुद्धा त्यावर ठरायचं.

लोकही तसेच. तमाशाचा म्हणून सांगितलेल्या चित्रपटात अर्धा तास ढोलकी वाजली नाही तर पिटातून शिट्ट्या आणि 'पैसं परत द्या'चा ओरडा. शिक्का म्हणजे आमच्याकडे तोंडी करार होता.

'सांगत्ये ऐका' १९५९ चा. पुण्यात विजयानंदला सव्वाशे आठवड्यांच्या वर चालला. त्यानंतर सगळ्यांनाच तमाशाचा पिक्चर हवा झाला. आजोबा म्हणायचे, 'बुगडी'नं आमच्या तंबूला नवी कापडं आणली.

रानजाई

तंबूवाले दादा, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. कनातीतली बायकांची बाजू! हे कुठल्या पुस्तकात मिळालं असतं?

निळा_धूर

अगदी हेच. तंबूवाले यांनी सांगितलं ते अभ्यासकांच्या भाषेत मांडायचं तर प्रकार चित्रपटाच्या रिळात नसतो, तो निर्माता, वितरक आणि प्रेक्षक या तिघांमध्ये असतो. स्टीव्ह नील यांचा भर यावरच आहे. म्हणून ते पोस्टर, जाहिराती आणि त्या काळची परीक्षणंही पुरावा म्हणून वाचतात.

माहीमची_खाडी, 'संत तुकाराम'बद्दल. १९३६ चा प्रेक्षक नक्कीच संतपट बघायला गेला होता. प्रभातनेच त्याच्या आदल्या वर्षी एकनाथांवरचा 'धर्मात्मा' आणला होता. नाव आधी 'महात्मा' होतं, सेन्सॉरच्या आक्षेपामुळे बदलावं लागलं. मग 'तुकाराम', १९४० ला 'ज्ञानेश्वर', १९४१ ला 'सखू'. चमत्कार, अभंग, ढोंगी विरोधक, शेवटी देवाची साक्ष, हे सगळं प्रेक्षकाला पाठ होतं. आणि पाठ होतं म्हणूनच 'तुकाराम'मधली आवली एवढी भिडली. आजारी पोराला ओढत देवळात नेऊन, पायतण हातात घेऊन ती विठोबाला जाब विचारते. ठरलेल्या चाकोरीत एक बाई घरातल्या रिकाम्या डब्यांचा हिशेब मागते. चाकोरी माहीत नसेल तर तिचं धाडस अर्धंच कळतं.

माहीमची_खाडी

आवलीचा मुद्दा मान्य. पण मग चांगला चित्रपट तोच ना, जो चाकोरी मोडतो? चाकोरीतले बाकीचे कशाला बघायचे?

निळा_धूर

कारण चाकोरी बाकीच्यांनीच घडवलेली असते. कुठल्याही प्रकाराचा अभ्यास नुसत्या शिखरांवरून करता येत नाही. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आणि अर्काइव्हच्या रसास्वाद शिबिराला मी गेलो होतो, तिथून हीच सवय लागली. एकच उत्तम चित्रपट तीनदा बघण्याबरोबर त्या वर्षातले तीन साधे चित्रपटही बघायचे.

एडिसनकर

प्रकार आधी की नाव आधी, यावर एक भर. अठराशे-एकोणीसशेच्या उंबरठ्यावरचा सिनेमा मला आवडतो म्हणून लिहितोय. १९०३ चा 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' आज सगळे पहिला गाजलेला वेस्टर्न म्हणून सांगतात. एडिसन कंपनीचा, आणि चित्रित झाला तो इकडे न्यू जर्सीत, खऱ्या पश्चिमेपासून पार दुसऱ्या टोकाला. त्या वेळच्या प्रेक्षकाने तो वेस्टर्न म्हणून बघितलाच नाही. त्याच्यासाठी तो गुन्ह्याचा, पाठलागाचा, रेल्वेचा चित्रपट होता. रेल्वे हीच तेव्हा पडद्यावरची मोठी गंमत होती. वेस्टर्न हे खातं पुढच्या दहाएक वर्षांत पक्कं झालं आणि मग मागे जाऊन या चित्रपटाला त्यात बसवलं.

'फिल्म न्वार'चं, म्हणजे काळोख्या गुन्हेपटांचं, तर आणखी विलक्षण. युद्धाच्या काळात फ्रान्समध्ये अमेरिकन चित्रपट पोचलेच नव्हते. १९४६ मध्ये ते एकदम पॅरिसला लागले आणि तिथल्या नीनो फ्रँक या समीक्षकाला त्यांत एक सारखा काळोख दिसला. नाव त्याने लावलं. ज्यांनी चित्रपट बनवले ते हॉलिवूडवाले त्यांना क्राइम किंवा मेलोड्रामाच म्हणत होते.

म्हणून रानजाई, 'रामजोशी'वर फुली मारू नका. १९४७ मध्ये तो चरित्रपट म्हणूनच लोकांनी पाहिला असेल. पण पुढे जे तमाशापट आले त्यांनी त्याला मागे जाऊन पहिला मान दिला.

सुपारी_कातर

क्या बात! आणि 'रामजोशी'ही शांतारामांच्या राजकमलचा, 'पिंजरा'ही राजकमलचा. १९४७ आणि १९७२. दोन्हीकडे शिकलासवरला, वरच्या मानल्या गेलेल्या जातीचा पुरुष फडाच्या वाटेला लागतो. एकाला लोकशाहीर म्हणून मान, दुसऱ्याला फास.

ओवी

सुपारी_कातर यांनी जातीचा धागा ओढला, तो मी पुढे नेते. कारण तमाशापटावर बोलताना तो सुटून चालणार नाही.

प्रत्यक्षातला तमाशा उभा केला तो महार, मांग, कोल्हाटी समाजातल्या कलावंतांनी. विठाबाई नारायणगावकरांचं घराणंच बघा. पडद्यावर मात्र गोष्ट कुणाची? मास्तरची, शाहिराची, पाटलाच्या पोराची. बाई असते, पण बहुतेक वेळा ती मोहात पाडणारी तरी किंवा शेवटी जीव देऊन शुद्ध होणारी तरी. तिला फडात यावं का लागलं, सुपारीच्या पैशातलं तिच्या हाती किती पडतं, हे पडदा क्वचित विचारतो. शर्मिला रेगे यांनी लावणी कलावंतांवर जे लिहिलं त्यात हा प्रश्न नेमका आहे: ही कला कुणाची आणि तिच्यावर नाव आणि पैसा कुणी कमावला. चित्रपटाचा प्रकार अभ्यासायचा तर तो काय दाखवतो याइतकंच काय दाखवायचं टाळतो हेही बघावं लागतं.

कधी नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास जाऊन बघा. फडमालकांच्या राहुट्या ओळीने लागलेल्या असतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येऊन बसतात, तारखा आणि रकमा ठरतात. सगळा व्यवहार उघड्यावर, चहा पीत. तमाशापटात पाटील थैली फेकतो. खऱ्या फडात पावती फाडतात.

विदर्भ_एक्सप्रेस

ओवीताई, उत्तम प्रतिसाद. आता माझी तक्रार नोंदवतो. तमाशापटातलं गाव कायम कोल्हापूर-सातारा-सांगलीचंच का? आमच्याकडे खडी गंमत आहे, दंडार आहे, वडसा-देसाईगंजला झाडीपट्टी नाटकांच्या कंपन्या आहेत. दिवाळी झाली की महिनोनमहिने रात्रभर नाटकं चालतात. पण 'झाडीपट'? नाव तरी ऐकलंय का कुणी?

कराडचा_तंबूवाला

कारण कॅमेरा कोल्हापुरात होता, दादा. जयप्रभा, शालिनी हे स्टुडिओ तिथं, पन्हाळा हाकेच्या अंतरावर, आणि ढोलकीवाला, लावणीवाली, एक्स्ट्रा, घोडे सगळं आसपास. निर्मात्याला जे हाताशी मिळालं तेच गाव झालं आणि तीच बोली पडद्यावरची ग्रामीण मराठी झाली.

विदर्भ_एक्सप्रेस

पटलं. आणि हे उत्तर म्हणजे रानजाईंच्या मूळ प्रश्नाला मोठी भर आहे. प्रकार स्टुडिओच्या पत्त्यावरही ठरतो.

निळा_धूर

सहमत. वाडिया मूव्हीटोनचे स्टंटपटही असेच. १९३५ च्या 'हंटरवाली'नंतर त्याची नायिका नादिया, घोडा, गाडी, कुत्रा यांची आख्खी फळी त्यांच्याकडे तयार होती, म्हणून एकामागून एक निघाले. त्या काळच्या जाहिरातीत स्टंट, सोशल, पौराणिक अशी खाती सरळ छापलेली असत. भारतीय सिनेमाला प्रकार नाहीत, सगळा मसाला, असं म्हणणाऱ्यांनी त्या जाहिराती जरूर बघाव्यात.

पायरीवरची_चिंच

अवांतर: 'झपाटलेला' कुठल्या खात्यात? भयपट की विनोदी? लहानपणी मी तात्या विंचूला इतकी घाबरले होते की घरातली बाहुली माळ्यावर टाकायला लावली. आणि माझा भाऊ त्याच प्रसंगांना खो खो हसायचा.

खटपट्या

भावासाठी विनोदी, तुमच्यासाठी भयपट, बाहुलीसाठी कौटुंबिक.

ओवी

😀 पण चिंचताईंच्या प्रश्नात दम आहे. लिंडा विल्यम्स यांचा १९९१ चा एक लेख आहे. काही प्रकार बघणाऱ्याच्या शरीरावर काय परिणाम करतात यावरून ओळखता येतात, असं त्या म्हणतात. भयपटात अंग शहारतं, रडक्या चित्रपटात डोळे वाहतात. आणि अशा प्रकारांना हलकं लेखलं जातं ते बघणाऱ्याचा स्वतःवरचा ताबा सुटतो म्हणून. त्याच १९९१ साली आपल्याकडे 'माहेरची साडी' आला. त्या चित्रपटाला रडणाऱ्या बायकांची आजही टिंगल होते. ती टिंगल मला खुपते. ज्या बायकांना घरात रडायची मुभा नव्हती त्या तीन तास अंधारात शेजारणीचा हात धरून रडल्या. आपल्या चित्रपट अभ्यासात याची नोंद व्हायला हवी.

माहीमची_खाडी

माझी आई त्या बायकांपैकी एक होती. हे कुणीतरी असं लिहिलेलं पहिल्यांदा वाचतोय. धन्यवाद.

पायरीवरची_चिंच

शरीराचं म्हणाल तर 'सैराट'. 'झिंगाट'ला पडद्यासमोर पोरं नाचत होती, आणि शेवटी त्याच पोरांना खुर्चीतून उठवेना. तंबूवाले दादांचा तोंडी करार इथे मुद्दाम मोडला, नाही का? प्रेमकथेचं तिकीट दिलं आणि शेवटी प्रेमकथा हिसकावून घेतली.

निळा_धूर

फार नेमकं. आणि करार मोडायचा तर आधी तो नीट पाळावा लागतो. 'सैराट'चा पूर्वार्ध विहिरीत उड्या मारण्यापासून ट्रॅक्टर चालवणाऱ्या आर्चीपर्यंत मनापासून प्रेमकथा आहे, म्हणूनच शेवट तसा लागतो.

सुपारी_कातर

वळणं झकास आहेत, पण धागाकर्तीला यादी करायचीय. 'सोंगाड्या'चं काय?

माझं मत सांगतो. घ्यायचाच. भोळा नाम्या फडातल्या कलावतीच्या नादी लागतो आणि स्वतःच सोंगाड्या होतो. निळा_धूर यांनी सांगितलेली गाव आणि फड यांची हद्द इथेही आहे, फरक इतकाच की ओलांडणारा मास्तर नाही, आईचा बावळट लेक आहे. 'पिंजऱ्या'च्या आदल्याच वर्षी, १९७१ ला आला. तीच मांडणी, एकीकडे हसू, दुसरीकडे फास. हे दोन लागोपाठच्या महिन्यांत दाखवा, तुमच्या काकांना वेगळं समजवावं लागणार नाही. शिवाय दादा स्वतः वगनाट्यातून आलेले. 'विच्छा माझी पुरी करा'चे प्रयोग करून मग पडद्यावर आले. बोर्डावरचा सोंगाड्या हजरजबाबी असतो, राजालाही सोडत नाही. तो वारसा त्यांच्या चित्रपटात सरळ उतरलाय.

ओवी

आणि शेवटी 'नटरंग'. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा, २०१० चा. गुणा मजुरी करणारा पैलवान गडी, फड काढतो, आणि नाच्या (बायकी हावभाव करणारा सोंगी) मिळेना म्हणून स्वतः नाच्या होतो. इतकी वर्षं अब्रूचा प्रश्न बाईभोवती फिरत होता, इथे तो एका पुरुषाच्या अंगावर येतो. गाव त्याला जसं वागवतं ते बघितलं की मागच्या सगळ्या तमाशापटांतल्या बाईकडे वेगळ्या नजरेने बघावं लागतं. अतुल कुलकर्णींनी पैलवानाचं शरीर कमावून पुन्हा उतरवलं, ते तर डोळ्यांनी दिसतं.

रानजाई

सगळ्यांचे प्रतिसाद छापून वाचनालयात नेले होते. आता यादी अशी: 'रामजोशी', 'सांगत्ये ऐका', 'सोंगाड्या', 'पिंजरा', 'नटरंग'. काळाच्या क्रमानेच दाखवणार. निळा_धूर यांच्या म्हणण्याप्रमाणे एक विस्मरणात गेलेला, साधा तमाशापटही मध्ये घालायचाय, तो साठच्या दशकातला असावा अशी इच्छा आहे.

व्याख्या आधी सांगायची नाही असं ठरलंय. प्रत्येक खेळानंतर लोकांना दोन-तीन गोष्टी विचारणार. फड गावाच्या कुठल्या बाजूला होता? हद्द कुणी ओलांडली? शेवटी कुणाला किंमत मोजावी लागली? आणि ओवीताईंचा प्रश्न: ही गोष्ट फडातल्या बाईने सांगितली असती तर कशी झाली असती? उत्तरं वहीत लिहून ठेवू. सहा महिन्यांनी आमच्या गावाची व्याख्या आमच्याकडे असेल. काकांनीही 'सोंगाड्या'ला होकार दिलाय.

कराडचा_तंबूवाला

रानजाईताई, साठच्या दशकातल्या चित्रपटासाठी जुन्या वितरकांच्या वारसांकडे विचारा, काहींनी पेट्या अर्काइव्हला दिल्या आहेत. आणि चित्रपटाबरोबर गाण्यांच्या चोपड्या मिळतात का बघा. थेटराबाहेर विकायच्या त्या. मुखपृष्ठावर बाईचं चित्र, आत 'कथासार' आणि शेवटी 'पुढे काय झाले ते रूपेरी पडद्यावर पाहा'. माझ्याकडे आजोबांच्या ट्रंकेत गठ्ठा आहे, तमाशाचे वेगळे, देवाचे वेगळे बांधलेले. हव्या असतील तर फोटो काढून पाठवतो.

रानजाई

हव्यात म्हणजे काय दादा! गठ्ठे बांधलेत तसेच राहू द्या, सुटे करू नका. आजोबांनी कुठला चित्रपट कुठल्या गठ्ठ्यात घातला तेच आधी बघायचंय.

खटपट्या

'सोंगाड्या' कुठल्या गठ्ठ्यात आहे ते आधी सांगा.

कराडचा_तंबूवाला

आत्ताच ट्रंक उघडली. तमाशाच्या.